सातवा फोन

काका म्हटल्यावर तुमच्यासमोर टोपी, तपकीर आणि वाकडी काठी असलेला कुणी विक्षिप्त म्हातारा उभा राहिला असेल, तर त्याला आधी खाली बसवा. आमच्या मावशीचे मालक तसले अजिबात नाहीत. रोज दाढी करतात, मावशीला घाबरतात, चहात बिस्कीट पडलं तर चमच्यानं काढून खातात. तुमच्याआमच्यासारखेच. फक्त एवढंच, की या माणसानं जन्मात कुठलीही गोष्ट सरळ शोधलेली नाही.

भोरला त्यांचं मांडव आणि लायटिंगचं काम. शंभर बल्बांच्या माळेतला एक गेला की अख्खी माळ झोपते. बाकीचे लोक एकेक बल्ब हलवत बसतात. काका बरोबर मध्यावर टेस्टर लावणार. "हितवर करंट येतोय ना? मग अलीकडची पन्नास पोरं शहाणी. चोर पलीकडं." मग पन्नासचे पंचवीस, पंचवीसचे बारा-तेरा, असं करत चोर हातात. इथवर ठीक होतं, पण हीच रीत त्यांनी संसारात आणली. एकदा फ्रीजमध्ये वास येत होता. काकांनी निम्मा फ्रीज ओट्यावर मांडला, दार लावलं, दोन्हीकडं नाक घालून आले आणि म्हणाले, "चोर ओट्यावरच्या पार्टीत हाय." चार फेऱ्यांत नासलेलं दही सापडलं, तोवर दूधही नासलं होतं. वेल्ह्याच्या एसटीत एकदा कुणीतरी हवा खराब केली, तर काका कंडक्टरला म्हणाले, "मागची निम्मी माणसं उतरवून बघा." कंडक्टरनं काकांनाच उतरवलं.

मी मूळचा मार्गासनीचा. पाचवीपासून मावशीकडं राहून भोरला शिकलो, म्हणजे मुख्यतः सगळ्या सरांचे आवाज काढायला शिकलो. काका मला नकल्या म्हणतात.

तर यंदा आमच्या गावच्या मंडळानं मार्गासनीला रक्तदान शिबिर घेतलं. दरवर्षीप्रमाणं काका पहिल्या खाटेवर, शेजारच्या खाटेवर मी. पुण्याहून आलेल्या रक्तपेढीच्या मॅडम प्रत्येकाला नाकातून सांगत होत्या, "रिलॅक्स व्हा हं, मुंगी चावेल फक्त." मी पडल्या पडल्या तो आवाज पाठ करून टाकला.

चार दिवसांनी मंडळाचा अध्यक्ष रक्तपेढीच्या गाडीच्या ड्रायव्हरकडून बातमी घेऊन आला. तिकडं म्हणे आठ-आठ जणांचं रक्त थोडं थोडं एकत्र करून तपासतात, आणि आमच्या पहिल्या आठांच्या रक्तात कावीळ सापडली. "डोळे पिवळे करणारी न्हाई, आतल्या आत लिव्हर खाणारी. आता एकेकाचं सुटं तपासणार आणि ज्याचं निघंल त्या एकालाच फोन येणार." पहिले आठ म्हणजे मी, काका आणि मंडळातली सहा पोरं.

त्या दिवसापासून माझा मोबाईल वाजला की मी आधी नंबर पुण्याचा आहे का बघायचो. कर्ज पाहिजे का विचारणाऱ्या पोरीलाही मी घाबरून 'मला न्हाई ना झालं काय?' असं विचारलं. आरशात डोळे बघ, नखं बघ. भाकरी तर गिळेचना.

काकांना मात्र सणच. त्यांनी आठ वाट्यांत पाणी ओतलं, मावशीला कुठल्यातरी एका वाटीत मीठ टाकायला लावलं. चार वाट्यांतलं एकेक चमचा पाणी एकत्र करून चाखलं. "खारट. चोर ह्या चौघांत." मग त्यातल्या दोन वाट्यांतलं. मग एकीतलं. "आठ वाट्या, तीन घोट. बघ कसं हाय."

"काका, त्यातली एक वाटी मी हाय," मी म्हणालो.

ते थांबले. खारट वाटी लांब सारून म्हणाले, "तू गोडं पाणी हायस. जेव जा."

गुरुवारी मी पाहिलं, तर काका परात घेऊन तांदूळ निवडत होते. सरळ. एकेक दाणा.

"निम्मं निम्मं न्हाई करायचं?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ दे की," म्हणाले.

मला काही ते बरं दिसेना. फोन कुणाला आला, ते शोधायचंच ठरवलं. मी मित्राचं नवं सिम घेतलं, भोर स्टँडच्या कोपऱ्यात उभा राहिलो आणि मॅडमच्या नाकानं एकेका पोराला फोन लावला. "रक्तपेढीतून बोलतेय हं. आमचा फोन आला होता का तुम्हाला?" सहाही जण नाही म्हणाले. एक तर रडायलाच लागला, त्याला "रिलॅक्स व्हा हं" म्हणताना माझी मलाच लाज वाटली. दुसरा म्हणाला, "न्हाई आला, पण मॅडम, तुमी लई गोड बोलता."

मग मी काकांना लावला.

"हां मॅडम, मंगळवारीच आलता की," काका म्हणाले. "सोमवारी पुण्याला येतो डॉक्टरांकडं. घरी अजून बोललो न्हाई. एक काम होतं. बायकोचा भाचा त्याच आठांत होता. पोरगं जेवंना झालंय. त्याचं चांगलं हाय एवढं त्याला फोन करून सांगता का? मी सांगितलं तर, तुमाला कसं कळलं, असं विचारंल मला."

मी "सांगते हं" म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात स्टँडवरचा कर्णा बोलला, मार्गासनी, वेल्हे, पासली गाडी फलाटाला लागली आहे.

पुण्याच्या रक्तपेढीत मार्गासनीची गाडी लागत नाही, एवढं काकांना कळलं. मग म्हणाले, "घरी ये."

घरी गेलो. मावशी बाहेर गेली होती. काका माळांच्या गुंत्यात बसले होते.

"किती फोन केलेस?"

"सात."

"पहिले सहा काय म्हणाले?"

"न्हाई म्हणाले. एक तर रडायलाच लागला."

"तुला आलता?"

"न्हाई."

"मग आठातनं सात गेले. मागं कोण ऱ्हायलं?"

मी माळेचा एक पदर सोडवायला घेतला.

"मग सातवा फोन कशाला केलास?" काकांचा आवाज चढला. इतक्या वर्षांत कधी चढला नव्हता. "एवढ्या माळा तपासल्यास माझ्याबरोबर, एवढं शिकवलं तुला. गाढवा, उत्तर हातात असताना परत विचारायचं असतं का?"

"चुकलंय का बघत होतो," मी म्हणालो. माझ्याच आवाजात, दुसरा कुणाचा जमेना.

काकांनी हातातला बल्ब माळेत बसवला.

"बरोबर हाय उत्तर," ते म्हणाले. "पण रीत चुकली. त्या रडणाऱ्या पोराला आधी फोन लाव, तुझ्या आवाजात, आणि माफी माग. मावशीला मी सांगंन, तू तोंड उघडू नकोस. आणि ती ताटली झाकून ठेवलीय, ती संपव. आता तुला न जेवायला कारण न्हाई, कळलं का, नकल्या."