एकही बाळ न जन्मलेला वॉर्ड

माझ्या पोटावर दोन चादरींची घडी बांधली होती. वरून ओढणीनं करकचून आवळलेली. त्यावर दवाखान्याचा हिरवा गाऊन. माझं लग्न झालेलं नव्हतं, आणि मी दिवस भरलेली बाई म्हणून खाटेवर निजले होते.

नांदेडच्या बाहेर आमचं खाजगी नर्सिंग कॉलेज. दवाखाना असल्याशिवाय कॉलेजला मान्यता मिळत नाही. दवाखाना होता. खाटा होत्या, पांढऱ्या चादरी होत्या. पेशंट नव्हते. म्हणून तपासणीची समिती आली की आम्हा मुलींनाच पेशंट करायचे. कुणी तापाची, कुणी हात मोडलेली. मला प्राचार्या मॅडमनी बाळंतपणाच्या वॉर्डात टाकलं.

मी म्हणलं, "मॅडम, हे नको. गावात कळलं तर?"

दारात संस्थाचालक उभे होते. त्यांना सगळे साहेब म्हणायचे. ते म्हणाले, "घरी फाटक्या वाकळंवर निजणारी तू. इथं गादीवर निजायला मिळायलंय, तर नखरे करायलीस?"

पोरी हसल्या. हसावंच लागायचं. आमच्या सगळ्यांच्या दहावी-बारावीच्या मूळ सनदा त्यांच्या कपाटात, कुलपाआड होत्या.

मी भेले होते. साहेबांना भेले होते, गावाला भेले होते. पण सगळ्यात जास्त स्वतःला.

कारण दिवाळीला मी गावी गेले होते, मुखेडकडं. शेजारची वहिनी बाळंतपणात अडली. तिची सासू पळत आली. म्हणाली, "चल माय, तू नर्स हायेस." मी गेले. वहिनी माझा हात धरून ओरडत होती. पाठ केलेलं सगळं मला आठवत होतं आणि हाताला काहीच कळत नव्हतं. अॅम्ब्युलन्स वेळेवर आली म्हणून ती वाचली. सासू मला म्हणाली, "तू होतीस म्हणून धीर आला." त्या शब्दानं मला घाम फुटला होता.

समिती आली. पुढं एक मोठे डॉक्टर. केस पांढरे, बोलणं गोड. माझ्या खाटेजवळ थांबले. मी डोळे मिटून घेतले. त्यांनी पेनाच्या टोकानं पोट दाबलं. चादर आत गेली, वर आली नाही.

त्यांना कळलं. मी डोळे उघडले तेव्हा ते माझ्याकडंच बघत होते. मग साहेबांकडं बघून म्हणाले, "बाळ फारच मऊ आहे हो."

सगळे हसले. डॉक्टर पुढच्या खाटेकडं वळले.

तोवर मला वाटायचं, समितीला फसवतात हे लोक. बिचाऱ्यांना ठाऊक नाही. एकदा कुणाच्या लक्षात आलं की आमची सुटका होईल. आता लक्षात आलं होतं. आणि तो माणूस हसला होता.

मी उठून बसले. ओढणीची गाठ सुटेना. मी ती तशीच ओढून खाली सरकवली. चादरी फरशीवर पडल्या.

"सर, मी पेशंट न्हाई. मी इथं दुसऱ्या वर्षाला शिकते. ह्या वॉर्डात आजपत्तर एक बी बाळ जन्मलं न्हाई. आम्हाला असं पास करू नका. आमच्या हातून बाया मरतील."

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. म्हणाले, "मुलगी घाबरलेली दिसते. हिला आराम करू द्या."

मग ते जेवायला गेले.

कॉलेजला मान्यता मिळाली.

साहेबांनी माझ्या वडलांना बोलावून घेतलं. अण्णा ऑफिसात उभेच होते. खुर्ची रिकामी होती, बसा कुणी म्हणालं नाही. अण्णा मला म्हणाले, "माय, माफी माग. कागद तरी देतील."

"न्हाई मागत, अण्णा." आवाज इतका बारीक निघाला की पुन्हा म्हणावं लागलं. अण्णांनी मान खाली घातली. त्यांची ती मान मला अजून दिसते.

सनदा मिळाल्या नाहीत. आता मी लातूरला मावशीकडं राहते. एका दवाखान्यात आया म्हणून लागले. समितीच्याही वरच्या अधिकाऱ्यांकडं मी तक्रार केली. त्यानंतर दोन माणसं मोटारसायकलवर अण्णांच्या शेतात गेली. म्हणाली, "पोरीला समजवा. लातूर काही लांब न्हाई." तेव्हापासून मागून गाडीचा आवाज आला की मी भिंतीला चिकटते. मावशी दाराला आतून कडी लावते आणि दोनदा ओढून बघते.

आता चौकशी लागलीय. चौकशीवाल्या एका अधिकाऱ्याचा फोन आला. आवाज समजुतीचा होता. "तुम्ही कॉलेजबद्दल सांगा. समितीचा विषय कशाला काढता? ते मोठे लोक आहेत."

कॉलेजचं सांगणारच. पण कॉलेजचे साहेब धंदा करायलेत, हे गावातल्या शेंबड्या पोराला बी ठाऊक होतं. त्यांना अडवायला ज्याला बसवलं होतं, त्या डॉक्टरनं खोटं ओळखलं, चेष्टा केली आणि सही केली. उद्या आमच्यातल्या एखादीच्या हाताखाली कुणी बाई मेली, तर ते रक्त आधी त्याच्या सहीवर असंल. फसलेला माणूस आणि विकला गेलेला माणूस एका मापानं मोजू नका, हे मला त्या चौकशीत म्हणायचंय.

मला भेव वाटतंय. हे लिहिताना बी वाटतंय. ते जायची वाट बघत मी थांबणार न्हाई. मी जाणार. तो समोर बसलेला असंल, तर त्याच्या तोंडावर, त्याचं नाव घेऊन सांगणार.