पांढऱ्या शर्टावरचा लाल दोरा

मी विज्ञान शिकवतो. मुलांनी हडळीची गोष्ट सांगितली की फळ्यावर 'कारणे द्या' असं लिहायचो आणि तासाभरात त्यांच्या डोक्यातली हडळ उतरवायचो. तिठ्यावर उतरवून टाकलेल्या लिंबाचं सरबत करून प्यायलेला माणूस आहे मी. त्यामुळे हे लिहिताना माझाच मला राग येतोय... पण घडलं ते घडलं.

आमची मुलांची निवासी शाळा खालापूरकडे, हायवेपासून जरा आत. मी तिथला मुख्याध्यापक, घर कर्जतला भिसेगावात. गणपतीनंतर माझी बायको सुनंदा गेली. साधा ताप म्हणता म्हणता गेली. दिवाळीच्या सुट्टीत घरात एकटा बसून ठरवलं, पुरे आता. संस्थेच्या अध्यक्षांना फोनवर सांगूनही टाकलं - दुसऱ्या सत्राच्या पहिल्या दिवशी येतो, चार्ज देतो आणि मोकळा होतो.

तो पहिला दिवस खरं तर तिचा असायचा. सुट्टीत पोरं झाडांवर चढतात, मारामाऱ्या करतात आणि तुटक्या बटणांनी परत येतात. सुनंदा वसतिगृहाच्या ओट्यावर खुर्ची टाकून, सुई-दोऱ्याचा बिस्किटाचा डबा मांडीवर घेऊन बसायची. पोरं शर्ट हातात धरून रांगेत. सगळ्यांचे कपडे एकत्र धुतले जातात, म्हणून तिनं युक्ती काढली होती - पहिल्या खोलीतल्या मुलांची बटणं लाल दोऱ्यानं, दुसऱ्या खोलीची हिरव्या, तिसऱ्या खोलीची पिवळ्या. शर्ट हरवला तरी कुठल्या खोलीचा ते कळायचं. एकदा मी चिडवलं, "आणि माझा रंग कोणता गं?" तर म्हणाली, "तुमी कुठं हरवताय? तुमाला पांढराच."

त्या दिवशी सकाळी पांढरा शर्ट घातला आणि पाहतो तर छातीवरचं बटण गायब. मला साधा सुईत दोरा ओवता येत नाही. सेफ्टी पिन लावली आणि स्कूटर काढली.

शाळेत नेहमीचा गोंधळ. टेंपोतून ट्रंका उतरत होत्या. कुंभिवलीची एक आई मुलाला सोडायला आली होती, तिला सुनंदाचं कळलेलं नव्हतं.

"सर, बाई नाय आल्या?"

मी सांगितलं. मग माझ्या शर्टाकडे बघत तिनं डोळ्याला पदर लावला. "तरीच पिन लावलीय तुमी..."

तोंड फिरवून ओट्याकडे वळलो, तर रांग! रिकाम्या खुर्चीसमोर पोरं शर्ट हातात घेऊन उभी. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पहिला दिवस म्हणजे रांग, एवढंच त्यांना ठाऊक. वसतिगृहाचे अधीक्षक पाटील सर धावले, "अरे, कोण हाय का तिथं? चला रं आत!" एकही पोरगं हलेना. मला ते बघवेना. कपाटातून तिचा डबा काढला आणि खुर्चीत मीच जाऊन बसलो.

दुपार त्यातच गेली. दोरा पोरांनी ओवून दिला, बोटं मी टोचून घेतली. "सर, ह्यो उलटा बसला हाय!" पोरं खिदळत होती, आणि मीही हसलो... सुनंदा गेल्यापासून पहिल्यांदा. मधे खुर्चीवरून उठलो नाही, अंगातला शर्ट काढला नाही. पाटील सर शेजारीच बसून होते.

उन्हं कलली, रांग संपली. डबा बंद करायला घेतला तर माझी पिन आत होती, लाल रिळात टोचलेली. सुनंदा पिना तशाच रिळात टोचून ठेवायची. हात आपोआप छातीवर गेला. तिथं बटण होतं! लाल दोऱ्यानं लावलेलं, खाली दोऱ्याचे वेढे देऊन घट्ट आवळलेलं, अगदी ती लावायची तसं. मी लावलेली बटणं तर सगळी लोंबत होती.

पाटील सरांना विचारलं. "काहीतरीच काय सर! अंगावरच्या कपड्याला कोण सुई लावतं?" पोरांना विचारलं, तर म्हणाली, "आमी फक्त दोरा ओवला, सर." पिन मीच काढून ठेवली असेन आणि विसरलो असेन, हे एकवेळ मानलं. पण बटण?

तिथूनच अध्यक्षांना फोन लावला. म्हटलं, चार्ज देत नाही. "का हो, काय झालं एकदम?" काय सांगणार होतो?

अजूनही कारण सापडलेलं नाही. आयुष्यभर मुलांना घातलेल्या त्या 'कारणे द्या' प्रश्नाचं उत्तर मी कोरं सोडलंय. शर्ट मात्र वापरतो. त्याची बाकीची बटणं पांढऱ्या दोऱ्यातली आहेत, एकच लाल... आणि रंगीत दोरा ती फक्त हरवणाऱ्यांनाच लावायची.