चारच्या चहाची मारामारी

भिंतीला कान असतात म्हणतात, पण त्या दिवशी भिंतीची गरजच नव्हती. दवाखान्याच्या स्टोअरातलं भांडण थेट जिन्यापर्यंत ऐकू आलं.

"थर्मामीटरचं खोकं तुम्ही आणलंच नाहीत," स्टोअरबाई म्हणाल्या.

"आणलं. याच टेबलावर ठेवलं," दवाखान्यातलं टपाल वाटणारे टपालदादा म्हणाले.

"मग त्याला पाय फुटले?"

"ते त्यालाच विचारा. माझ्याशी बोलायचं काम नाही."

खोकं हरवलं म्हणून टपालदादांना साहेबांची लेखी ताकीद मिळाली. गडी शब्दाचा पक्का. रोज चारला यायचे, पाकिटं ठेवायचे, वहीवर सही घ्यायचे. तोंडातून ब्र नाही.

चारलाच बाईंची चहाची सुट्टी, मोजून दहा मिनिटं. कापसाच्या गठ्ठ्यांआड एक म्हातारा कॉम्प्युटर होता. त्यावर इंटरनेटवरचा जुन्या धाटणीचा मारामारीचा खेळ बाई उघडायच्या. चौकोनाचौकोनांची दोन माणसं, एक बुक्का, एक लाथ, बस्स. दिसायला पोरखेळ, पण तीन फटके बसले की आडवे, आणि पुन्हा पहिल्यापासून. बाईंची गाडी तिसऱ्या पैलवानापाशी अडायची ती अडायचीच. महिनाभर पाहून दादांना राहवेना. त्यांनी हात लांब करून बाण दाबला, आधी मागे, मग लाथ. पैलवान पडला. दुसऱ्या दिवशी बाईंनी दोघांचा खेळ लावला आणि दुसरी खुर्ची पुसून ठेवली.

मग अकरा वर्षं एकच कीबोर्ड. डावीकडची अक्षरं आणि निळा गडी बाईंचा, उजवीकडचे बाण आणि लाल गडी दादांचा. एकमेकांशी अबोला, पण पडद्याशी गप्पा.

"निळ्या, घाबरू नकोस. समोर काठीला कापड गुंडाळलंय नुसतं."

"लाल्या, सांभाळून घे रे. आज जिने फार झाले, गुडघा बोलतोय."

दुसऱ्या दिवशी दादांच्या खुर्चीवर उशी आली.

तिसऱ्या वर्षी स्टोअरला रंग दिला, तेव्हा ते खोकं धुळीनं माखलेलं बाईंच्या टेबलावर दिसलं. कपाटामागे पडलेलं, रंगाऱ्यांनी काढून ठेवलं असणार. बाईंनी ते मुकाट्यानं फळीवर लावलं. दादांना सांगायचं रोज ठरवायच्या, रोज चहाबरोबर गिळायच्या. बघता बघता दादांच्या नोकरीचा शेवटचा दिवस उजाडला.

त्या दिवशी निळ्या हलेचना.

"लाल्या, समोरच्याला डुलकी लागली काय?"

बाई पडद्याकडे बघतच म्हणाल्या, "निळ्या, सांगून टाक. खोकं कपाटामागे होतं. चूक आपली, आणि आठ वर्षं तोंड उघडलं नाही."

दादांचं बोट बाणावर थांबलं. "लाल्या, त्यांना सांग, रंगाच्या वेळी कपाट सरकवायला मीच गेलो होतो. खोकं मीच टेबलावर ठेवलं."

बाई थेट त्यांच्याकडे वळल्या. "मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुमची मान खाली गेली असती, बाई. मग मी मारामारी कोणाशी करायची?"

असं म्हणून त्यांनी निळ्याला तीन लाथा घातल्या. तो आडवा झाला. चहा निवून गेला होता.

"सही," दादांनी वही पुढे केली. बाईंनी केली.

दुसऱ्या मजल्यावरचं एक पाकीट राहिलं होतं. दादांनी ते काखेत मारलं, गुडघ्यावर हात ठेवत जिना चढले, पाकीट दिलं आणि सही घेतली.