बुधीबाईची सावड

बुधीबाईच्या हातात कुणी काही ठेवलं की ती आधी विचारायची, "आणि परत कधी न्यायचं?" आमच्या घरातून एकदा तिला दुधी भोपळा दिला, तर दुसऱ्या दिवशी तिची कोंबडीच आमच्या अंगणात बांधलेली. बायको म्हणाली, "अगं, भोपळ्याला कोंबडी?" तर म्हणते, "अंडी घालील ती खावा, मग कोंबडी परत धाडा." अशी बाई. आमच्या गंजाड गावात तिच्या शेजारी माझा जन्म गेला. मला ती शेवटपर्यंत बारक्याच म्हणायची. माझे केस पांढरे झाले, नातवंडं अंगाखांद्यावर खेळली, तरी बारक्याच.

नवरा लवकर गेला. एकुलती रूपी तलासरीला दिली. मागे राहिली ती, दोन गायी आणि ओढ्याकडेचा भाताचा तुकडा. एकट्या बाईने भात कसं लावायचं? आमच्याकडे त्यासाठी सावड असते. आज तुझ्या शेतात आम्ही, उद्या आमच्या शेतात तू. पैशाची बात नाही. ज्याचं काम, त्याने त्या दिवशी सगळ्यांना जेवू घालायचं, बस. मात्र घेतलेले हात फेडले नाहीत तर पुढच्या वेळी हाक मारायला तोंड उघडत नाही. कुणी अडवत नाही, पण आपलंच तोंड उघडत नाही. आणि बुधीबाईचं तर मुळीच नाही.

सत्त्याऐंशी सालच्या पावसात ती बांधावरून घसरली आणि उजवा हात मोडला. डहाणूला जाऊन प्लास्टर घालून आली. रोपांचा राब हिरवागार उभा, रोपं उपटायला आलेली, आणि ही पडवीत बसून. मी म्हटलं, "बुधीबाय, हाक मार ना. पलीकडचा लक्ष्या येईल, आमी येऊ."

"आणि तुमच्या आवणीला मी काय घेऊन येऊ? हा चुना?" प्लास्टरचा हात तिने माझ्या नाकासमोर नाचवला. आवणी म्हणजे भाताची लावणी. विषय संपला.

नेमकं तेव्हाच डहाणूच्या कॉलेजचं शिबिर गावच्या शाळेत उतरलेलं. समाजसेवेचं. मुलं शोषखड्डे खणायची, संध्याकाळी गाणी म्हणायची, आणि आमची पोरं त्यांच्या मागे मागे. त्यांची पुढारी प्रभा. रेल्वेत बुकिंगवर असलेल्या बाबूची मुलगी, चष्मेवाली, आवाज असा की ओढ्यापलीकडची म्हैस वळून बघायची. तिला कळलं की एका मावशीचं शेत पडून राहतंय. दुसऱ्या दिवशी सगळी फौज घेऊन शेतात हजर.

काय ती आवणी, काय सांगू! मुली साडीचा कासोटा मारून, मुलं पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून. दुकानदाराचा ललित चिखलात उतरला आणि त्याची चप्पल आत गेली ती गेली. "अरे, मारी नवी चप्पल!" म्हणून हा गुजरातीत रडतोय आणि लक्ष्या बांधावर पोट धरून हसतोय. पण संध्याकाळपर्यंत तुकडा लावून झाला. रांगा जरा गावठी कुत्र्याच्या शेपटीसारख्या, पण झाला. बुधीबाईने एका हाताने तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, माझ्या बायकोने डाळ केली, सगळी पोरं पानं घेऊन पडवीत बसली.

जेवताना तिने विचारलं, "तुमचं काम कधी निघायचं?"

प्रभा हसून म्हणाली, "आमचं कसलं मावशी! कॉलेजात या कधीतरी."

झालं. प्रभा बोलून विसरली. ही वाट बघत बसली.

हात बरा झाला तशी ती कामाला लागली. कापणीला आमच्याकडे, झोडणीला लक्ष्याकडे, कुणाचं काही म्हणून सोडलं नाही. दिवाळी गेली. कॉलेजचं बोलावणं काही येईना. लक्ष्या तिला डिवचायचा, "बुधे, तुझी सावड कॉलेजात बुडाली गं!" ती उसळून म्हणायची, "बुडेल तुझी! माझी नाय बुडायची." पण रात्रंदिवस मनात तेच. शेवटी मला म्हणाली, "बारक्या, तू बाजाराला जातोस ना डहाणूला? त्या चष्मेवालीला विचारून ये, काम कधी हाय."

मी गेलो. कॉलेज म्हणजे आमच्यासाठी केवढी गोष्ट! सातवीपर्यंत शिकलेला माणूस मी, आत शिरताना चपला काढल्या होत्या. प्रभा भेटली, तिच्याबरोबर त्यांचे गोपीनाथ सर. दोघांनी चहा पाजला. सर म्हणाले, "त्यांना सांगा, काही फेडायचं नाही. ही सेवा आहे. सेवेची परतफेड नसते."

किती छान बोलले! मी घोकत घोकत गावी आलो आणि जसंच्या तसं सांगितलं.

बुधीबाई गोठ्यात ऐकत होती. गायीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे भीक घातली मला."

"तसं नाय गं..."

"मग कसं? आता कुणाला बोलावू शेतात? म्हणतील, ही घेते आणि बसून राहते. पुढच्या साली तुकडा पडीक टाकीन, पण हाक नाय मारायची."

आणि ती बोलायची ते करायची. मला तर जेवण गोड लागेना. ओढ्याकडेचा तो तुकडा म्हणजे तिचं वर्षाचं भात होतं.

पौषात बातमी आली की कॉलेजात श्रमदानाचा आठवडा आहे. मुलं इमारतीमागचं रान साफ करून मैदान करणार होती. लक्ष्याचा भाचा तिकडे शिकायचा, त्याने सांगितलं. बुधीबाई तडक उठली आणि घरोघर फिरली. कापणीची तिची सावड गावाकडे येणं होती ना, ती तिने सगळी एकदम मागितली. "माझ्या कामाला यायचा. उद्या. कुदळ-कोयता घेऊन."

लक्ष्या म्हणाला, "शेत तर रिकामं आहे तुझं. काम कुठे?"

"कॉलेजात."

लक्ष्याचं तोंड बघण्यासारखं झालं. पण देणं ते देणं. सकाळच्या एसटीत आम्ही सगळे चढलो. कंडक्टर ओरडला, "अरे, ही हत्यारं कुठे नेता? लढाईला?" बुधीबाई म्हणाली, "तुझं तिकीट फाड तू."

आता आमच्या डहाणू-तलासरीत माणसं घोळक्याने कुदळी-कोयते घेऊन शहरात आली की लोक एकच समजतात. कॉलेजच्या शिपायाने आम्हाला लांबून पाहिलं आणि फाटक लावून घेतलं. आत धावत गेला, "साहेब, मोर्चा आला!" प्रिन्सिपॉल बाहेर आले. गोरे, उंच, कोट घातलेले. फाटकाच्या आतूनच हात जोडून म्हणाले, "बंधूंनो, शांतता राखा. तुमची मागणी काय आहे?"

बुधीबाई पुढे झाली. "काम द्या."

"रोजगार हमीचं काम आमच्याकडे नसतं हो. तहसील कचेरीत जा, त्या रस्त्याने..."

"तिकडचं नको. तुमचंच द्या. पोरांनी माझी आवणी केली."

प्रिन्सिपॉल गोंधळले. तेवढ्यात मैदानावरून प्रभा धावत आली, हात मातीने भरलेले. तिने आम्हाला ओळखलं, फाटक उघडायला लावलं. सगळं ऐकल्यावर प्रिन्सिपॉल हसले, भल्या मनाने म्हणाले, "बाई, तुम्ही पाहुण्या. चहा घ्या, फराळ करा. काम मुलं करतील."

बुधीबाई तिथेच फाटकात खाली बसली. "चहा नको. तुमी मला मोकळी करा. नायतर पुढच्या आवणीला मी कुणाला हाक मारू? सांगा ना, कुणाला मारू?"

इतक्या माणसांत तिचा आवाज पहिल्यांदा कापला. लक्ष्यासुद्धा खाली बघायला लागला.

प्रभा तिच्यासमोर उकिडवी बसली. हातांची माती झटकली. मग म्हणाली, "मावशी, चुकलं माझं. कधीच बोलवायला हवं होतं. आमचं मैदान करायचं आहे, हात कमी पडतात. येता का सावडीला?"

बुधीबाई उठली, पदर खोचला. "मग आधीच सांगायचं ना. चल."

काय काम झालं त्या दिवशी! आमचे लोक एका बाजूने, मुलं दुसऱ्या बाजूने. करवंदीच्या जाळ्या, दगड, वारुळं, सगळं उचकटलं. लक्ष्याने ललितला विचारलं, "शेठ, आज चप्पल आणली का दुसरी?" तर ललितने पाय वर करून दाखवले, बूट! लक्ष्या म्हणाला, "आज चिखल नाय म्हणून बूट. शाणा हाय."

ऊन डोक्यावर आल्यावर बुधीबाईने प्रिन्सिपॉलांना गाठलं. "जेवायला काय हाय?"

"म्हणजे?"

"काम तुमचं. जेवण तुमचं."

मग जी पळापळ उडाली! ललित सायकलवरून वडिलांच्या दुकानात गेला आणि तांदूळ, मूगडाळ, बटाटे घेऊन आला. प्रभाची आई रेल्वे क्वार्टरमधून मोठं पातेलं आणि शेजारणींना घेऊन आली. कॉलेजच्या मागे तीन दगडांची चूल मांडून खिचडी शिजली. प्रिन्सिपॉलांनी कोट काढला आणि स्वतः वाढायला आले. पंगत बघून बुधीबाईने त्यांना एकच टोमणा मारला, "हात सैल सोडा, साहेब. सावडीला मोजून नाय वाढत."

त्यांनी पुढच्या पानावर दोनदा वाढलं.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसून झोपली. तोंड उघडं, कुदळ मांडीवर. इतकी निवांत झोपलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

त्यानंतरही खूप वर्षं जगली ती. प्रभा पुढे सायवनच्या शाळेत मास्तरीण झाली, सुट्टीत हिच्याकडे राहायला यायची. नव्वदच्या पुढे कॉलेजात नवी मुलं, नवे सर आले, ती सगळी गंजाडला येत राहिली आणि आमची माणसं तिकडे जात राहिली. पण मला आठवते ती मैदानाच्या कामानंतरच्या पहिल्याच पावसातली आवणी. राबातली रोपं वीतभर झाली तशी बुधीबाई सकाळच्या गाडीने एकटीच डहाणूला गेली. मी बाजारात होतो, मागोमाग गेलो. फाटक उघडंच होतं. शिपाई उठून उभा राहिला. ही थेट प्रिन्सिपॉलांच्या खोलीच्या दारात.

"साहेब, माझी आवणी आली. पोरं धाडा."

ते खुर्चीतून उठले. "धाडतो, बाई. किती हवीत?"

तिने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं.

"तुमी पण या," म्हणाली.