मांडीवरचं घड्याळ

“काका, आज शनिवार. सात वाजून गेलेत. आई मघाशी गेली.” प्रज्ञानं फोनवर एवढंच सांगितलं. दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, आई गेल्यावर ही पोरगी वार आणि वेळ काय सांगत बसलीय! मला नाही वाटलं. त्या घरात बातमी अशीच सांगायची पद्धत होती. फोन ठेवला आणि मला भीती वाटली. रडू नंतर आलं. आधी आली ती भीतीच, त्या जुन्या संध्याकाळची.

शालनवहिनी म्हणजे माझ्या मित्राची, सुधीरची बायको. सुधीर शिरोलीला फाउंड्रीत कामाला, वहिनी बालवाडीत शिकवायच्या आणि मी लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करत हिंडायचो. नव्वदच्या दशकात आमच्या केबलवाल्या अप्पांच्या डोक्यात गावापुरतं चॅनेल काढायचं खूळ शिरलं. वाढदिवसाचे फोटो, कुस्त्यांची मैदानं, गणपतीच्या मिरवणुका, फर्माईशीची गाणी आणि संध्याकाळी बातम्या, असा सगळा थाट. वहिनींचा आवाज खणखणीत, म्हणून बातम्यांसाठी मीच त्यांचं नाव सुचवलं. अप्पांनी पडद्यावर उठून दिसते म्हणून एक निळी साडी आणून ठेवली. बातम्या सांगायच्या त्या याच साडीत. गल्लीतली पोरं वहिनींना बघून “बातम्या आल्या, बातम्या आल्या” ओरडायची आणि त्या खोटंखोटं रागवायच्या.

आमचं थेट असं काही नसायचंच. दुपारी मी नदीकाठच्या एका हॉटेलावरच्या खोलीत बातम्या कॅसेटवर टेप करायचो, शेजारच्या खोलीतल्या व्हीसीआरमध्ये ती कॅसेट लागायची आणि संपली की पुन्हा पहिल्यापासून. नवीन कॅसेट मागितली की अप्पांचं तोंड वाकडं. “हाय त्याच्यावरच टेप करा की! जुन्या बातम्या घालून काय लोणचं घालायचंय?” त्यामुळं एकेका कॅसेटवर बातम्यांचे थरावर थर चढलेले असायचे.

त्या पावसाळ्यात पंचगंगा फुगली होती, पण धोका नव्हता. तसंच वहिनींनी दुपारी सांगितलं होतं. संध्याकाळी आम्ही दोघं खालच्या हॉटेलात चहा घेत होतो. तिथल्या टीव्हीवर आमच्याच बातम्या चालू होत्या. त्या संपल्या, पडदा जरासा फडफडला आणि वहिनी पुन्हा दिसल्या. तीच निळी साडी, तीच खुर्ची. पण आता त्या सांगत होत्या, “पाणी गावात शिरत आहे. धरणाचे दरवाजे उघडले आहेत. नदीकाठच्या लोकांनी ताबडतोब घरं सोडावीत...” त्या दिवशीच्या बातम्या लांबीला कमी पडल्या होत्या आणि त्यांच्याखाली राहिलेल्या, मागच्या पुराच्या बातम्या वर आल्या होत्या! हे मला कळायला थोडा वेळ लागला. वहिनींना त्याहून जास्त. चहाचा ग्लास हातात तसाच धरून त्या स्वतःकडेच बघत राहिल्या आणि बारीक आवाजात म्हणाल्या, “भावजी, फुटलं काय ओ धरण?”

हॉटेलवाल्यानं शटर निम्मं खाली ओढलं. रस्त्यावर एकदम पळापळ. कुणाच्या डोक्यावर गाठोडं, कुणाच्या कडेवर म्हातारी. वहिनी दारात उभ्या राहून ओरडत होत्या, “थांबा! ते जुनं हाय!” एक जण पळता पळता थांबला. “बाई, तुमीच तर आत्ता टीव्हीवर सांगितलासा की! आन् आता न्हाय म्हणताय व्हय?” आणि गेला. माणसाच्या तोंडापेक्षा टीव्हीवरच्या तोंडावर लोकांचा विश्वास जास्त, हे तेव्हा मी पहिल्यांदा बघितलं.

आम्ही दोघं वर धावलो आणि मी कॅसेट काढली. पडदा काळा झाला आणि ते तर अजूनच वाईट. लोकांना वाटलं, चॅनेलही बुडालं. तेवढ्यात वहिनींच्या शेजारणीचा फोन आला. घराला कुलूप होतं. सुधीर कामावर, सासरे बातमी ऐकून सहा वर्षांच्या प्रज्ञाला घेऊन बाहेर पडले होते. कुठं गेले, कुणाला ठाऊक नाही. बाहेर पाऊस, वीज जात-येत होती आणि त्या गर्दीत एक थकलेला म्हातारा आणि एक पोर...

वहिनी दोन-तीन पायऱ्या उतरल्या. मी मागनं म्हणालो, “जावा तुम्ही, मी बघतो इथलं.” त्या थांबल्या. मग वळून वर आल्या. “तुमाला कोण वळखतंय? माज्या तोंडानं पळाल्यात, माज्याच तोंडानं थांबतील. कॅमेरा लावा.”

मी कॅमेऱ्याची वायर थेट लाइनला जोडली. असं कधी केलं नव्हतं. त्यांनी भिंतीवरचं घड्याळ उतरवून मांडीवर घेतलं. अंगावर टेपमधलीच निळी साडी होती, बदलायला दुसरी नव्हती, म्हणून वेगळं दिसायला माझा रेनकोट अंगात चढवला. बातम्यांची ती शुद्ध भाषा कुठल्या कुठं गेली. “आज बुधवार हाय. ह्यो काटा बघा, फिरतोय. तुमच्या घरातल्या घड्याळाशी लावून बघा. मगाचं समदं जुनं. धरण फुटलेलं न्हाय. मी हितंच हाय, नदीला लागून, गावाच्या तळाला. पानी आलं तर आदी मी बुडीन.” पुन्हा पुन्हा तेच. आवाज बसला तरी तेच. मधेच एकदा म्हणाल्या, “माजी पोरगी तुमच्यातच कुठंतरी हाय. पिवळा फ्रॉक हाय. गावली तर सांगा, आई हितंच हाय...” पोर सापडली नाही तर या बाईकडं आयुष्यभर कसं बघायचं?

प्रज्ञा कळंब्याच्या रस्त्यावर एका दुकानात सापडली. आजोबा आडोशाला थांबले होते आणि पोरीनं दुकानातल्या टीव्हीत आई बघितली. दुकानदारानं मांडीवरचं घड्याळ आणि आपलं घड्याळ जुळवून बघितलं आणि आम्हाला फोन लावला. वहिनींनी “बरं” एवढंच म्हटलं, घड्याळ खाली ठेवलं आणि भिंतीला टेकून लहान मुलासारख्या हुंदके देऊन रडल्या.

ती भीती त्यांच्यातून कधी गेली नाही. बातम्यांच्या आधी वार, वेळ. मागं घड्याळ. वापरलेल्या प्रत्येक कॅसेटवर लाल पेनानं स्वतः ‘जुनं’ असं लिहायच्या आणि मगच घरी जायच्या. पुढं मोठी चॅनेलं आली, आमचं बंद पडलं, सुधीरही गेला, पण सवय राहिली. दवाखान्यात शेवटचा भेटलो तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं आणि विचारलं, “भावजी, आज वार कुठला?” मी सांगितला. थोड्या वेळानं पुन्हा विचारला. डोळ्यांत तीच संध्याकाळ होती. मी पुन्हा सांगितला, आणखी काय करणार?

पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाली, माणसं पांगली. प्रज्ञानं एक कॅसेट माझ्या हातात दिली. त्या संध्याकाळी कॅमेऱ्यात होती ती, वहिनींचं थेट बोलणं टेप झालेली. आईच्या कपाटात साड्यांखाली सापडली. “काका, हिची कॉपी करून द्या. आईचा आवाज पाहिजे.” कॅसेट घरी आणून बरेच दिवस झाले. टेबलावर आहे. व्हीसीआर पुसून ठेवलाय, पण बटण दाबायचं धाडस होत नाही. वहिनी त्यात म्हणणार, आज बुधवार आहे, मी इथंच आहे. कॅसेट कशी फसवते हे माझ्याइतकं कुणाला माहीत? तरी माझा विश्वास बसेल, याचीच भीती वाटते...

काल लाल पेन काढलं. या एकाच कॅसेटवर त्यांनी ‘जुनं’ लिहिलेलं नाही. मलाही लिहवलं नाही.