एका बोलाची अक्का

अक्काने आयुष्यात कुठल्याच गोष्टीची किंमत दोनदा सांगितली नाही. दुसऱ्यांदा विचारलं, तर ती तुमच्याकडे अशी बघायची की आपलेच कान तपासून घ्यावेत. गाणगापूरला देवळाच्या वाटेवर तिचं लॉज होतं. कपाळाला विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, आणि गिऱ्हाईक सगळं दत्ताचं. खोलीचं भाडं विचारलं की आकडा सांगायची आणि पुढे कानडीत दोनच शब्द जोडायची, "ओंदे मातु." म्हणजे एकच बोल.

एकदा सोलापूरकडचा एक माणूस बायकामुलांसह आला. भाडं ऐकून "शेजारी स्वस्त आहे" म्हणत निघून गेला. भर उन्हात सगळं गाव हिंडला आणि घामाघूम होऊन परत आला. मी तिथेच बसलो होतो. मला वाटलं, आता अक्का भाडं चढवणार, मी असतो तर चढवलंच असतं. तिने तोच आकडा त्याच आवाजात सांगितला. तो बायकोकडे वळून म्हणाला, "बघ, वाढवलं नाही," आणि जिंकल्यासारखा जिना चढला. त्यात तो काय जिंकला, हे मला अजून कळलेलं नाही.

आता माझं सांगतो, कारण तक्रार माझी आहे. आमची मेंढरं होती. वडील हुलसूरकडच्या बाजारात टॉवेलखाली सौदा करत. दोघांचे हात टॉवेलखाली, भाव बोटांनी सांगायचा, आणि तोंडाने नुसत्या पाऊसपाण्याच्या गप्पा. मी मेंढरं सोडून जुन्या गाड्यांच्या धंद्यात आलो. डोक्यावर कुणाचा हात नसताना कलबुर्गीला दुकान टाकलं. गावाकडून आणला तो फक्त टॉवेल. दुप्पट सांगायचं, चिडायचं, उठून जायचं, परत यायचं. हे ज्याला येत नाही त्याने गाड्या विकू नयेत, भजनं म्हणावीत.

अशा माझ्या दुकानात अक्का एक पांढरी अँबेसेडर बघायला आली. आत बसली, चावी फिरवली, डोळे मिटून इंजिन ऐकलं आणि एक आकडा बोलली.

मी खवळलो. टॉवेल बॉनेटवर आपटला. "अक्का, एवढ्यात तर डिक्कीचं झाकण बी येत न्हाई!"

अक्का गप्प. मी आईची शपथ घेतली. गप्प. मी चहा मागवला, तो तिने शांतपणे पिऊन टाकला. शेवटी मी ठेवणीतलं हत्यार काढलं, दुकान तसंच टाकून तरातरा चालायला लागलो. चौकापर्यंत गेलो. कुणी हाक मारली नाही. परत येऊन बघतो तर अक्का मागच्या सीटवर गाढ झोपलेली. आपल्याच दुकानात गिऱ्हाइकाला हलवून जागं करायचं आणि "घ्या अक्का, न्या" म्हणायचं, ही पाळी माझ्या वैऱ्यावरही येऊ नये.

जखम तिथेच भरली असती. पण पुढे हैदराबादच्या एका मंगल कार्यालयवाल्याला, दारात फुलं लावून उभी करायला नेमकी तशीच पांढरी गाडी हवी झाली. तो तोंडाला येईल ते द्यायला तयार. मी गाणगापूरच्या खेपा घालू लागलो. दत्ताला वाटलं असेल, हा भक्त झाला.

"अक्का, गाडी वापस द्या. तुमाला दुसरी देतो, नवी, एसीवाली."

"न्हाई."

"कामून न्हाई? काय सोनं लागलंय तिला?"

"बिराप्पा, एकदा न्हाई मनलं की न्हाई. पुन्यांदा मनायला लावायलास, मला तहान लागायली."

त्या गाडीतून ती स्टेशनवरून यात्रेकरू आणायची. गाडी सुरू करण्याआधी स्वैपाकीणबाई महादेवीला फोन करायची, "तांदूळ टाक ग." आणि दारात ब्रेक दाबला की आत महादेवी भाताच्या भांड्यावरचं झाकण उचलत असे. ना आधी, ना नंतर. एकदा मी बरोबर होतो. उसाचे ट्रॅक्टर, जीपा, बैलगाडीसुद्धा पुढे जायला बघत होती. मागून हॉर्न वाजला की अक्का खिडकीतून उजवा हात काढून दोनदा हलवायची, "जा बाबा, पुढं जा." मी म्हटलं, "अक्का, जरा दाबा की!" ती म्हणाली, "कच्चा भात खायला का?"

पुढच्या गोष्टीची सुरुवात पोरांनी केली. कलबुर्गीची आणि हैदराबादची काही पोरं, ज्या गाडीने रोज ऑफिसला जातात त्याच गाडीने सुटीला शर्यत खेळणारी. शहराबाहेर एक बंद कारखाना आहे, त्याच्या आवारात पाव मैलाचा सरळ रस्ता. पोरांनी पोलिसांची परवानगी काढली, ॲम्ब्युलन्स ठरवली आणि पोस्टर लावायला माझ्या दुकानात आली. अक्का तेव्हा टायर बदलायला आली होती. पोरांनी नियम समजावला. आपली गाडी पाव मैल किती सेकंदात जाईल ते आधी सांगायचं आणि काचेवर लिहायचं. हळू गाडीला तेवढ्या फरकाने आधी सोडणार. म्हणजे दोघं सांगितल्यासारखे पळाले तर बरोबरच पोचणार. जो आधी पोचेल तो जिंकला, पण सांगितल्यापेक्षा लवकर पोचला, तो बाद.

अक्काने मान वर केली. "म्हंजे जेवढं बोललं तेवढंच पळायचं?"

"हाँ अक्का, बस उतनाच."

"ह्याला शर्यत मनतेत? मी तर रोजच करायलेय."

माझ्या डोक्यात दिवा लागला. "मग हून जाऊ द्या अक्का, तुमी आन मी. मी जिंकलो तर अँबेसेडर माझी."

"आन मी जिंकले तर?"

"मागा, काय मागायचं ते."

तिने दुकानाकडे एकदा नीट बघून घेतलं. "तर हितं पाटी लाव. बोल एकच. उगादीपतूर."

उगादी म्हणजे गुढीपाडवा, आणि इथे दिवाळीसुद्धा अजून यायची होती. पण हरणार कोण होतं? मी हो म्हटलं.

शर्यतीच्या दिवशी अक्का इरकल नेसून आली. हेल्मेटमुळे विभूती पुसली म्हणून एकदा रागावली, तेवढंच. सरावाच्या फेरीनंतर तिने काचेवर बुटाच्या पांढऱ्या पॉलिशने आकडा लिहिला तो कानडी अंकात. माइकवरच्या हैदराबादी पोराला वाचता येईना. शेवटी चहावाल्याने येऊन वाचून दाखवला. मी माझ्या लाल गाडीवर, ती पळते त्यापेक्षा बराच सावकाश आकडा लिहिला. यात लबाडी काय? भाव सांगताना खरी किंमत कोण सांगतं? शेवटच्या क्षणी ब्रेकवर पाय ठेवायचा आणि रेषेवर अलगद उतरायचं. सगळ्या फेऱ्या मी अशाच मारल्या. तिकडे अक्कापुढे एकेक पोरगं गळत होतं. म्हातारी पुढे रखडताना बघून त्यांना दम धरवेना. कुणी दिवा लागायच्या आधीच सुटला, कुणी बोलल्यापेक्षा लवकर पोचला. अंतिम फेरीला राहिलो आम्ही दोघं.

दिवा हिरवा झाला, अँबेसेडर घरघरत निघाली. मी उभाच. नियमाने तिला आधी सोडलेलं. ती इतकी पुढे गेली की मागच्या काचेवरचं "श्री बसवेश्वर प्रसन्न" दिसेनासं झालं, तेव्हा कुठे माझा दिवा लागला. मी सुटलो. अंतर भराभर तुटत होतं. सगळं हिशेबात चाललं होतं, पाय ब्रेकवर न्यायचा तेवढा बाकी. आणि कारखान्याच्या उन्हात अँबेसेडरच्या खिडकीतून हिरवा चुडा भरलेला एक हात बाहेर आला आणि दोनदा हलला.

जा बाबा, पुढं जा.

मला! साईड देते मला! माझ्या डोळ्यांपुढे तो चौक आला, तो रिकामा चहाचा कप आला, मागच्या सीटवरचं ते घोरणं आलं. ब्रेकवर जायचा पाय ॲक्सिलरेटरवर गेला आणि तिथेच रुतला. मी अक्काच्या शेजारून वाऱ्यासारखा गेलो, रेष ओलांडली, खाली उतरलो, दोन्ही हात वर केले. लोक टाळ्या वाजवत होते. कुणासाठी, ते माइकवरच्या पोराने सांगितलं.

"अक्का जीत गए!"

मी त्याची कॉलर धरली. "आंधळा हैस का? मी पुढं पोचलो की!"

"वोइच तो, अण्णा," तो कॉलर सोडवत म्हणाला. "आप आगे निकल गए, इसीच वास्ते हार गए."

अक्का सावकाश उतरली. मी तिच्यापुढे जाऊन ओरडलो, "हात कामून काढला? डाव हाय ह्यो!"

"मागनं हॉर्न कामून मारायलास मग? हॉर्न मारला की साईड द्यायची आसती."

हॉर्न मी वाजवला होता, हे खरं आहे. आमच्याकडे गाडी चालवायची म्हणजे हॉर्न वाजतोच, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. पण तो हात सवयीने आला की मुद्दाम, हे तिने कधीच सांगितलं नाही. विचारलं की म्हणायची, "एकदा सांगितलं की." पुढे पोचलेला माणूस हरतो, हा कुठला न्याय, असं मी कलबुर्गीतल्या दोन वकिलांना विचारलं. दोघांनीही चहा पिऊन विषय बदलला.

पाटी लागली. त्या दिवसांबद्दल काय सांगू? गिऱ्हाईक भाव विचारायचं, मी सांगायचो, ते कमी करून मागायचं आणि मी नुसता पाटीकडे बोट करायचो. लोकांना वाटायचं, शेठला घशाचा आजार झाला. जीभ गंजू नये म्हणून मी संध्याकाळी भाजीबाजारात जाऊन कोथिंबिरीच्या जुडीवरून भांडायचो. विक्री वाढली असं लोक म्हणतात. ती लग्नसराईमुळे. उगादीच्या सकाळी अंघोळीच्या आधी मी पाटी उतरवली.

मग अक्काचे डोळे गेले. एकदम नाही, कडेकडेने. एकदा भात करपल्यावर ती दारात पोचली. महादेवी घाबरली, पण अक्का तशीच पानावर बसली. पानातला भात संपवला, आणि त्यानंतर गाडीला हात लावला नाही. लॉज भाच्याच्या नावे केलं, हैदराबादला लेकीकडे जायचं ठरलं, आणि मला निरोप आला, "टॉवेल घेऊन ये."

अंगणात अँबेसेडर धुऊन उभी होती. अक्का खुर्चीवर. तिने हात पुढे केला. "घाल टॉवेल. तुझ्या बापाच्या रीतीनं. पण बोल तूच. आन एकदाच."

मी टॉवेल टाकला. खाली तिचा हात हातात आला. सुपारी कातरून घट्टे पडलेला, हलका झालेला. सगळा जन्म मी निम्म्यापासून सुरुवात केली आहे. त्या दिवशी बोटं कशी धरली गेली, मला माहीत नाही. तिने चाचपून आकडा ओळखला, आणि तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते. ती हसत होती.

"बिराप्पा, माझ्या मनात ह्याच्यापेक्षा लई कमी व्हतं रे! परत रेषेच्या पुढं पळालास!"

"मग वापस द्या की वरचे!"

"न्हाई," टॉवेल घडी करून माझ्या हातात देत अक्का म्हणाली. "ओंदे मातु."

दुपारच्या बसने ती निघाली. खिडकीजवळची जागा, मांडीवर पिशवी. बस कलबुर्गीच्या रस्त्याला लागली आणि मलाही त्याच रस्त्याने दुकानाकडे जायचं होतं, म्हणून मी अँबेसेडर घेऊन मागून निघालो. बस जुनी, चढावर रखडणारी. पुढचा रस्ता मोकळा होता. मी हॉर्न वाजवला.

बसच्या खिडकीतून हिरव्या चुड्याचा हात बाहेर आला आणि दोनदा हलला.

चांगली साईड मिळाली होती. मी गेलो नाही. कलबुर्गी येईपर्यंत बसचा धूर खात मागेच राहिलो.