अपेक्षित नऊ, झाले सात

दुपारचे तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. लेक नुकतीच झोपली होती. मी मोबाइलच्या ॲपमध्ये तिचं वजन भरलं आणि चौकोन लाल झाला, म्हणजे वयाच्या मानानं वजन कमी! तेव्हापासून इतके किस्से साचलेत, की सांगायला बसलं तर भाजी करपते. तरी सांगते.

माझी परी सातव्या महिन्यात झाली. दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या होत्या, "हिचं वय जन्मापासून मोजू नको. पुऱ्या दिवसांची झाली असती, त्या तारखेपासून मोज." पण ॲपला हे कोण सांगणार? ते जन्मतारीख धरायचं आणि दर वेळी लाल! सासूबाई चष्मा लावून विचारायच्या, "आजबी लालच काय? तुह्या दुधातच दम नाही!"

परी खेळायची. मी रडायची.

* * *

शेजारची शबाना वाशीमला कॉम्प्युटर शिकायची. तिनं ॲप पाहिलं. "भाभी, हे ओपन सोर्स हाये. फुकट, अन् आतलं सगळं उघडं. जगातलं कोणीबी चूक दाखवू शकते, दुरुस्तबी करू शकते."

"मी सातवी शिकलेली, बाई."

"तिथं मार्कशीट कोणी मागत नाही!"

आतून सासूबाई ओरडल्या, "फुकटच्या वस्तूले कायची दुरुस्ती? काढून टाक!"

* * *

चूक कळवायचे प्रश्न ठरलेले असतात. शबाना मराठीत विचारायची, मी सांगायची, ती इंग्रजीत टाइप करायची.

"काय व्हायला पाहिजे होतं?"

"नऊ महिने."

"प्रत्यक्षात काय झालं?"

"सात."

"हेच आमच्याकडं पुन्हा घडवून पाहायचं असन, तर काय काय करावं लागन?"

मी तिचा हातच धरला. "लिही, पुन्हा नको म्हणा! कोणाच्याच घरी नको!"

शबाना हसली नाही. तिनं तसंच टाइप केलं आणि खाली वय मोजण्यातली चूकही समजावून लिहिली.

* * *

उत्तरच येईना. मग एकदा आलं: "बरेच दिवस इथे कोणी काही बोललं नाही, म्हणून ही तक्रार बंद करत आहोत."

मी घाबरले. "लिही लवकर! माफ करा म्हणा. लेकरू आजारी होतं, म्हणून बोलली नाही."

शबाना पोट धरून हसली. "भाभी, ते मशीन हाये! आपोआप बंद करते!"

"मंग माणसं कुठी हायेत?"

शबानानं तक्रार पुन्हा उघडली आणि माणूस शोधायला घेतला.

* * *

शेवटी ॲप बनवणारा माणूस सापडला. त्यानं लिहिलं, "तुमचं बरोबर आहे. पण मी हे नोकरी सांभाळून करतो, वेळ नाही. दुरुस्ती तुम्हीच पाठवा."

शबानानं सुट्टीभर खपून पाठवली. तो म्हणाला, "छान! आता ती बरोबर चालते का, हे तपासणारा कोडही जोडा." तेवढ्यात तिचं लग्न ठरलं. अकोल्याला गेली.

मी फोन केला. "लॅपटॉप नेला ना सोबत?"

"नेला ना. दीर पिक्चर पाहून राह्यला त्याच्यावर."

* * *

परवा मशीन पुन्हा आलं. मोबाइलनंच मराठी करून दाखवलं: "ही अडचण अजून आहे का? उत्तर न आल्यास बंद करू."

परी आता अंगणभर पळते. तिचा चौकोन कधीचाच हिरवा झाला. तक्रार बंद झाली असती तरी माझं काय जाणार होतं?

पण त्याच सकाळी समोरची मनीषा आठव्या महिन्यात झालेलं लेकरू घेऊन माहेरी आली होती. ओट्यावर बसून मोबाइलकडं पाहून रडत होती. मी डोकावले. लाल.

"ताई, तुमचंबी असंच होतं काय?"

मी तिच्या शेजारीच बसले आणि एका बोटानं, मराठीतच, मशीनला उत्तर लिहिलं: "आहे. आता दुसरीच्या घरी."

तुमच्या ओळखीत अशी कोणी माय असली, तर तिला सांगा, त्या चौकोनाचं ऐकण्याआधी सिस्टरला विचार. आणि कोड लिहिणारं कोणी असलं, तर त्यालाही सांगा. तक्रार अजून बंद होऊ दिली नाही.